कयाकनं कुकम: बोर्न एंड ते बोल्टर्स लॉक

कुकम हे बर्कशरमधलं थेम्सकाठचं खेडं. २०११ मध्ये 'डेली टेलिग्राफ'नं त्याला ब्रिटनमधलं दुसऱ्या क्रमांकाचं श्रीमंत खेडं ठरवलं होतं आणि गावात शिरल्यावर त्याचं नवल वाटत नाही. रेडिंग, स्लाव, मेडनहेड या पट्ट्यातली मराठी कुटुंबं पाहुणे आले की त्यांना इथे आणतात. कुकम मूरवर गाडी लावायची, हायस्ट्रीटवर चक्कर मारायची, आइस्क्रीम खायचं, फोटो काढायचे, तासाभरात परत. मग तक्रार ठरलेली: घरं सुंदर आहेत, पण सगळी कुंपणाआड.

तक्रार खरी आहे. नदीकाठची हिरवळ, बोटहाउस, खासगी धक्के यांतलं काहीच रस्त्यावरून दिसत नाही, कारण ती घरं रस्त्याकडे पाठ आणि नदीकडे तोंड करून बांधलेली आहेत. पण काठ खासगी असला तरी पाणी खासगी नाही. विल्टशरमधल्या क्रिकलेडपासून लंडनच्या टेडिंग्टनपर्यंत थेम्सवर जलवाहतुकीचा सार्वजनिक हक्क आहे. छोटी कयाक आणि नीट कागदपत्रं असली की हे गाव समोरून पाहता येतं. हा लेख त्या कागदपत्रांपासून कयाक वाळत घालण्यापर्यंतचा आहे. वाट अवघड नाही, पण कोणत्या क्रमानं काय करायचं हे एका ठिकाणी लिहिलेलं सापडत नाही.

सुरुवात मार्चमध्ये परवान्यापासून केली. टेडिंग्टनच्या वरची थेम्स एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या ताब्यात आहे आणि तिथे प्रत्येक होडीची नोंदणी लागते. इंजिन नाही, हवेची आहे, लहान आहे, यातली कुठलीही सबब चालत नाही. दोन रस्ते आहेत: एजन्सीकडे होडीची स्वतंत्र नोंदणी करायची किंवा पॅडल यूके या संस्थेचं वैयक्तिक सदस्यत्व घ्यायचं. दुसरा रस्ता बहुतेकांना सोयीचा. वर्षाला पन्नास पौंडांच्या आसपास खर्च येतो आणि त्यात थेम्सच नव्हे, तर इतर नद्या आणि कालव्यांच्या मोठ्या जाळ्याचाही परवाना येतो. शिवाय आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमाही येतो. क्रूझरला ओरखडा काढला तर काय, ही धास्ती त्यानं संपते. अर्ज ऑनलाइन, दहा मिनिटांचं काम.

एक गोष्ट घोळाची आहे. हे सदस्यत्व माणसाला मिळतं, होडीला नाही. दोन जणांच्या कयाकमध्ये एकाकडेच कार्ड असणं पुरेसं नाही, दोघांकडे हवं. मुलांसाठी वेगळा, स्वस्त प्रकार आहे. लॉककीपर (लॉक म्हणजे होड्यांना नदीच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी, दोन टोकांना दारं असलेली पाण्याची कोठी; लॉककीपर तिचा रखवालदार) विचारेलच असं नाही, पण विचारलं तर कार्ड दाखवता आलं पाहिजे. फोनमध्ये त्याचा फोटो साठवून ठेवा. नदीवर मोबाइलची रेंज कुठेही दगा देते, तेव्हा ई-मेल शोधण्यावर विसंबू नका.

एप्रिलमध्ये साहित्य घेतलं. गाडीच्या टपावर कडक कयाक बांधायची तर रॅक आणि पट्टे आले, शिवाय गाडी वरच्या टोकाला आणि आपण खालच्या टोकाला हा तिढा. हवेची कयाक पाठीवरच्या पिशवीत मावते, म्हणून रेल्वेनं जायचं आणि रेल्वेनंच परतायचं हे जमतं. दोन जणांची बरी कयाक अडीचशे ते सहाशे पौंडांत मिळते आणि तिचं वजन चौदा ते अठरा किलो भरतं. घेताना तळ बघा. ड्रॉप-स्टिच तळात आतून हजारो धागे ताणलेले असतात, त्यामुळे तो आठ-दहा पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दाब झेलून फळीसारखा ताठ राहतो. साध्या हवेच्या तळाची कयाक मधे बसकते आणि वल्हवण्याची अर्धी ताकद तिथेच जिरते. बाजूच्या नळ्यांना मात्र दाब कमी लागतो, साधारण दीड ते तीन पीएसआय. नेमका आकडा व्हॉल्व्हशेजारी छापलेला असतो, तोच पाळायचा. तळाचा दाब चुकून नळीत भरला तर शिवण उसवते.

व्हॉल्व्हचं एक समजून घ्या. मधली पिन वर असेल तर हवा आत जाते, बाहेर येत नाही. पिन दाबून फिरवली की ती खाली अडकते आणि झडप उघडी राहते. हवा काढायची असते तेव्हा ते हवंच. पण पिन खाली अडकलेली असताना पंप मारला तर नळी काढताक्षणी सगळी हवा फस्सकन बाहेर. काठावर घामाघूम होऊन पंप मारणाऱ्यांच्या तोंडून येणारे अपशब्द बहुधा याच पिनेमुळे असतात. पंप मारण्याआधी बोटानं पिन एकदा चाचपा आणि वाळूचा कण बसलेला नाही ना, तेही बघा.

बाकी लागतं ते असं: दोन पॅडल, लांबी २२० ते २४० सेंटिमीटर (हवेची कयाक रुंद असते, आखूड पॅडलनं बोटं सतत कडेला घासतात), प्रत्येकाला ५० न्यूटनचं बॉयन्सी एड, म्हणजे पाण्यात तरंगतं ठेवणारं जाकीट, चाळीस-साठ पौंडांचं, दाब मोजणारा पंप, गुंडाळून बंद होणारी पाणीरोधक पिशवी, शिट्टी, आणि दोन्ही टोकांना बांधायला दोन-दोन मीटर दोरी. आपोआप फुगणारं लाइफजॅकेट वल्हवायला सोयीचं नसतं, ते मोटरबोटवाल्यांसाठी ठीक. कयाकखालचा पर, म्हणजे स्केग, विसरला तर कयाक प्रत्येक वल्ह्यासरशी डावी-उजवीकडे मान फिरवत राहते, सरळ जात नाही.

पोहता येतं, मग शिकायचं काय, असं वाटतं. मे महिन्यात एका स्थानिक क्लबमध्ये दोन तासांचं नवशिक्यांचं सत्र घेतलं, माणशी तीस-चाळीस पौंड. त्यात सरळ वल्हवायला शिकवतात, पण पैसे वसूल होतात ते दुसऱ्या अर्ध्या भागात: उलटल्यावर कयाक सोडायची नाही, पॅडल धरून ठेवायचं आणि पाण्यातून परत वर चढायचं. हवेच्या कयाकवर चढणं तंत्राचं आहे. कडेला लटकून वर ओढलं की ती आपल्यावरच पालथी होते. पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणायचे, जोरात लाथा मारायच्या आणि पोटावर आडवं सरपटत यायचं. दुसऱ्यानं समोरच्या बाजूनं धरून ठेवायचं.

मे महिन्यात थेम्सचं पाणी बारा-चौदा अंश असतं. पंधराच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की पहिलं मिनिट-दीड मिनिट श्वास आपल्या ताब्यात नसतो. धाप लागते आणि पाणी आत ओढलं जातं. तेव्हा पोहायचा प्रयत्न करायचा नाही. पाठीवर उताणं तरंगायचं, श्वास लागला की मग हालचाल. पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही बॉयन्सी एड लागतं ते त्या एका मिनिटासाठी. पहिल्या फेरीसाठी जुलै किंवा ऑगस्ट घ्या, तेव्हा पाणी अठरा-वीस अंशांपर्यंत जातं.

जूनमध्ये ठरवलेला पहिला रविवार गेला तो बोर्डांमुळे. एन्व्हायर्नमेंट एजन्सी प्रत्येक लॉकपाशी प्रवाहाची स्थिती सांगणारे फलक लावते आणि तीच माहिती सरकारी संकेतस्थळावर लॉकनिहाय देते. फलक नसेल तर नदी शांत. पिवळा फलक दोन प्रकारचा: प्रवाह वाढतोय किंवा प्रवाह ओसरतोय. लाल फलक म्हणजे जोरदार प्रवाह, सावध. लाल असताना इंजिन नसलेल्या होड्यांनी पाण्यात उतरायचंच नाही. पिवळ्या 'वाढतोय'लाही नवशिक्यांनी घरी बसायचं. 'ओसरतोय' असेल तर एकदोन दिवस थांबायचं. गंमत अशी की मेडनहेडला लख्ख ऊन असताना फलक पिवळा असू शकतो. थेम्सचं पाणी वरून, कॉट्सवोल्डच्या टेकड्यांकडून येतं आणि तिकडच्या पावसाला इथवर पोचायला वेळ लागतो. हवामानाचं अ‍ॅप बघून निघू नका, फलक बघून निघा. आदल्या संध्याकाळी एकदा आणि सकाळी निघताना पुन्हा.

मग जुलैचा रविवार मिळाला. लंडनकडून येणाऱ्यांना एलिझाबेथ लाइन मेडनहेडपर्यंत आणते. इथे तिकिटाची मेख आहे. आयव्हरपासून रेडिंगपर्यंतच्या स्टेशनांवर ऑयस्टर कार्ड चालत नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. ऑयस्टर टॅप करून आत शिरलात तर मेडनहेडला अडकाल. मेडनहेडहून मार्लोची शाखा सुटते. गाडी छोटी, रविवारी तासाला एक. फर्झ प्लॅट, कुकम, मग बोर्न एंड. शाखेसाठी बोर्न एंडपर्यंतचं तिकीट काढून घ्या. गाडी चुकली तर पूर्ण तास जातो आणि मेडनहेडच्या फलाटावर अठरा किलोंचं ओझं घेऊन उभं राहण्यात काही मजा नाही.

बोर्न एंडच्या स्टेशनापासून नदी पाच मिनिटांवर. या बाजूचे धक्के बहुतेक खासगी आहेत. म्हणून रेल्वेपुलाला जोडून असलेल्या पादचारी पुलानं पलीकडे जायचं. तिथे कॉक मार्श लागतं, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं मोकळं कुरण. काठ बुटका आणि गवताळ, कयाक पाण्यात ढकलायला चांगला. गाई चरत असतात, तेव्हा कयाक कुठे पसरताय ते आधी बघा. कुरणात जे उंचवटे दिसतात ती कांस्ययुगातली दफनस्थळं आहेत. काठावर 'द बाउंटी' नावाचा पब आहे, तिथे मोटारीचा रस्ताच जात नाही. चालत जायचं नाही तर होडीनं.

कयाक फुगवायला वीस-पंचवीस मिनिटं धरा. आधी तळ की आधी बाजू, हे कंपनीनिहाय बदलतं. पण कुठल्याही कयाकला लागू पडणारी एक गोष्ट: उन्हात पूर्ण दाब भरून थंड पाण्यात ठेवली की आतली हवा आकसते आणि दहा मिनिटांत कयाक मऊ पडते. भोक पडलं असं वाटून लोक घाबरतात. पाण्यात पाच मिनिटं तरंगवून मग काठालाच कमी पडलेला दाब भरून घ्यायचा. उलट बाजूही लक्षात ठेवा. जेवायला थांबून फुगलेली कयाक दुपारच्या उन्हात टाकली तर हवा प्रसरण पावते आणि शिवणीवर ताण येतो. थांबलात की थोडी हवा सोडा किंवा सावलीत ठेवा.

आता नियम. नदीत उजवीकडून जायचं. भारतात आणि इंग्लंडमध्ये गाडी चालवणाऱ्यांचा हात आपोआप डावीकडे वळतो, म्हणून हे मुद्दाम. मोटरबोटींना ताशी आठ किलोमीटरची मर्यादा आहे, तरी त्यांच्या लाटा येतात. लाट आडवी घेऊ नका, कयाकचं नाक तिच्याकडे तिरकं वळवा. रोइंगवाले पाठमोरे बसून येतात, त्यांना तुम्ही दिसत नाही. हाक मारायला लाजू नका. बोर्न एंडला अप्पर थेम्स सेलिंग क्लब आहे. रविवारी शिडाच्या होड्या नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत नागमोडी जात-येत असतात. त्यांच्या मधून घुसायचं नाही. उजव्या काठाला चिकटून थांबायचं, त्या वळल्या की मागून जायचं. १६ जूनला नदीतला मासेमारीचा हंगाम उघडतो, त्यानंतर काठावर गळ टाकलेले असतात. दोरा दिसत नाही, माणूस दिसतो. माणूस दिसला की नदीच्या मधोमध सरका.

हंसांचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल ते जून घरट्यावर असताना नर हंस पंख फुगवून सरळ अंगावर येतो. लांबून वळसा घ्यायचा आणि पिल्लं आणि आईबाप यांच्या मधे कधीही जायचं नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात याच पाण्यावर 'स्वान अपिंग' होतं. राजाचे आणि लंडनच्या व्हिंटनर्स व डायर्स या दोन व्यापारी संघांचे लोक वल्ह्यांच्या होड्यांतून सनबरीपासून अ‍ॅबिंग्डनपर्यंत पाच दिवस वर जातात. पिल्लांना पकडून वजन-माप घेतात, पायात कडी घालतात, जखमा तपासतात आणि सोडून देतात. हंस दिसले की 'ऑल अप' अशी आरोळी ठोकतात. कुकमला ते साधारण मंगळवारी येतात. ते पाहायचं तर काठावरून पाहा. त्या दिवशी कयाक घेऊन मधे जाणं म्हणजे त्यांच्या कामात लुडबुड.

कॉक मार्शपासून कुकमच्या पुलापर्यंत दोन किलोमीटरच्या आसपास अंतर. संथ वल्हवलं तर पाऊण तास. डावीकडे बोर्न एंडचे बंगले आणि त्यांचे बोटहाउस ओळीनं लागतात. ज्या घरांची फक्त फाटकं रस्त्यावरून दिसतात त्यांच्या हिरवळी इथे थेट पाण्यात उतरलेल्या असतात. बघा, पण धक्क्याला हात लावू नका. पुढे उजवीकडे चर्चचा चौकोनी मनोरा झाडांतून वर येतो. तिथेच बेल रोप मेडो हे नदीकाठचं मोकळं कुरण आहे, पुलाच्या अलीकडे. गाव पाहायचं तर इथेच बाहेर पडायचं, कारण पुलाखालून पुढे गेलं की थांबायला सोयीची जागा नाही.

कयाक काठावर कुणी तरी राखायला लागते. दोन जोड्या असतील तर पाळी लावा. नाही तर हवा काढून, गुंडाळून पाठीवर टाका. गाव एवढं लहान आहे की तेही जमतं. स्केग आधी काढा, गुंडाळताना तो वाकला तर वाकडाच राहतो. पायातले ओले बूट चालतात. फक्त कपडे बदलून घ्या, चिंब कपड्यांनी कुठे आत बसता येत नाही.

होली ट्रिनिटी चर्च नॉर्मन काळातलं, बाराव्या शतकात मुळं असलेलं. पण लोक येतात ते त्याच्या दफनभूमीसाठी. चित्रकार स्टॅन्ली स्पेन्सर १८९१ मध्ये कुकमच्या हायस्ट्रीटवरच्या 'फर्नली' या घरात जन्मला आणि गावावर त्याचा इतका जीव की लंडनच्या स्लेड कला विद्यालयात त्याला 'कुकम' हेच टोपणनाव पडलं होतं. १९२४ ते २७ मध्ये त्यानं जे प्रचंड चित्र रंगवलं त्यात याच दफनभूमीतल्या थडग्यांतून गावची माणसं उठून बाहेर येतात, जणू दुपारची झोप झाली. चित्र लंडनला टेटच्या संग्रहात आहे. आधी ते पाहून मग इथे आलात तर थडगी नुसती थडगी राहत नाहीत. स्पेन्सरचं साधं स्मृतिशिळेसारखं दगडी स्मारक इथेच आहे.

हायस्ट्रीटच्या टोकाला स्टॅन्ली स्पेन्सर गॅलरी. ज्या मेथडिस्ट प्रार्थनागृहात तो लहानपणी जायचा तिथेच १९६२ मध्ये ती सुरू झाली. स्वयंसेवक चालवतात. उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या वेळा वेगळ्या असतात आणि प्रदर्शन बदलताना काही दिवस बंद असते, म्हणून आदल्या दिवशी वेळ बघून घ्या. एकच खोली आणि वर एक मजला, पाऊण तास पुरे. दोन गोष्टी चुकवू नका. एक, त्याची बाबागाडी. रंग, ब्रश, छत्री, कॅनव्हास असा सगळा संसार तो तिच्यात घालून गावभर ढकलत नेई आणि लोकांनी कामात व्यत्यय आणू नये म्हणून विनंतीची पाटी लावून बसे. दुसरं, कुकमच्या रेगाटाचं, म्हणजे होड्यांच्या शर्यतींच्या जत्रेचं, भलंमोठं अपुरं चित्र. त्यात येशू होडीतल्या वेताच्या खुर्चीत बसून प्रवचन देतोय आणि काठावर गावचे लोक. १९५९ मध्ये स्पेन्सर गेला तेव्हा कॅनव्हासचा बराच भाग नुसत्या पेन्सिलच्या रेघांचा राहिला होता. रेघा अजून स्पष्ट दिसतात. तयार चित्रापेक्षा यातून जास्त कळतं असं माझं मत.

खाण्याचं म्हणाल तर हायस्ट्रीटवर पब आहेत, कॅफे आहेत, भारतीय जेवणही मिळतं. भाव लंडनसारखेच. रविवारी दुपारी आरक्षणाशिवाय बसायला मिळणं कठीण. डबा नेऊन कुरणावर बसणं सगळ्यात सोपं. हात मात्र आधी साबणानं धुवा. नदीच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो असू शकतो. मुंबईच्या पावसाळ्यामुळे हे नाव आपल्याला नवं नाही. जखम असेल तर पाणीरोधक पट्टी लावूनच पाण्यात उतरायचं. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना नदीत गेलो होतो हे आपणहून सांगायचं.

परत पाण्यात. कुकमचा निळसर लोखंडी पूल १८६७ चा, त्याआधी १८४० पासून लाकडी होता. १९४७ पर्यंत इथे टोल होता. स्पेन्सरचं हंसांचं प्रसिद्ध चित्र या पुलाशेजारचंच. १९१५ मध्ये सुरू केलं, मग तो महायुद्धात गेला, मॅसेडोनियाहून परत आला आणि १९१९ मध्ये ते पुरं केलं.

पूल ओलांडल्यावर डोळे उघडे ठेवायचे. हा या वाटेतला सगळ्यात घोळाचा भाग. नदी इथे तीन-चार प्रवाहांत फुटते. एकावर बंधारा, एक खासगी पाण्याकडे जाणारा, आणि एक १८३० मध्ये खोदलेला लॉकचा कालवा. लॉककडे बाण दाखवणारी पाटी दिसेपर्यंत हळू चला आणि फक्त तिच्यामागे जा. लाल अक्षरांतली 'डेंजर' पाटी, पाण्यावर तरंगते अडसर किंवा आडवा साखळदंड दिसला की त्या दिशेला बंधारा आहे असं समजा. बंधाऱ्याच्या खाली पाणी उलटं फिरतं आणि पडलेल्या वस्तूला पुन्हा पुन्हा त्याच जागी ओढत राहतं. तिथे बॉयन्सी एडही फारसं कामाचं नाही.

लॉकपाशी दोन पर्याय. लॉककीपर हजर असतो तेव्हा (उन्हाळ्यात साधारण सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, दुपारी जेवणाची सुट्टी) त्याला हात करून विचारा. तो मोठ्या बोटी आधी आत घेतो, कयाक शेवटी. आत भिंतीवरची साखळी किंवा आपली दोरी खुंटीभोवती फिरवून टोक हातात धरायचं. बांधायचं नाही. पाणी खाली जातं तेव्हा बांधलेली होडी भिंतीला लटकते. वरच्या दारापासून लांब राहायचं, तिथे पाण्याखाली दगडी पायरी असते आणि पाणी उतरलं की होडीची शेपटी तिच्यावर टेकते. कुकम लॉकचा उतार सव्वा मीटरच्या आसपास, त्यामुळे पहिल्यांदा शिकायला हे लॉक चांगलं. लॉककीपर नसेल तर बटणांशी खेळत बसू नका. वरच्या धक्क्याला उतरून कयाक उचलून खालच्या बाजूला न्या.

लॉकच्या खालून क्लिव्हडन रीच सुरू होतो. तीन-सव्वातीन किलोमीटरचा हा पट्टा, आणि याच्यासाठीच एवढा खटाटोप. डावीकडे चुनखडीचे उंच कडे, त्यांच्यावर पाण्यापर्यंत उतरलेली बीच आणि यूची झाडी, आणि वर मधेच दिसणारं क्लिव्हडन हाउस. आजची इमारत १८५१ ची, चार्ल्स बॅरीची. पुढे ती अ‍ॅस्टर घराण्याकडे आली, आता नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि घरात हॉटेल चालतं. काठालगतची स्प्रिंग कॉटेज लंडनचा ऑस्टिओपॅथ (हाडं-सांध्यांचे उपचार करणारा) स्टीफन वॉर्ड यानं भाड्यानं घेतली होती. जुलै १९६१ मध्ये वरच्या पोहण्याच्या तलावापाशी युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो आणि वॉर्डची तरुण मैत्रीण क्रिस्टीन कीलर यांची गाठ पडली आणि त्यातून उभ्या राहिलेल्या प्रेमप्रकरणामुळे जून १९६३ मध्ये मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. आपण नियमानं उजव्या बाजूला असतो, त्यामुळे कडे पूर्ण दिसतात. इथे बाहेर पडू नका. बाग पाहायची तर वेगळ्या दिवशी रस्त्यानं या, तिकीट काढा आणि अख्खा दिवस द्या.

या पट्ट्यात दुपारनंतर समोरून वारा येण्याचा संभव असतो आणि हवेची कयाक वाऱ्यात भरकटते. तेव्हा काठाजवळ राहा, मधोमध जाऊ नका. पुढे टॅप्लोच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, जुबिली नदी फुटते. ती मेडनहेड-विंडसरला पुरातून वाचवण्यासाठी खोदलेली, २००२ मध्ये पुरी झालेली वाहिनी आहे. त्याच बाजूला बोल्टर्सचा बंधारा. दोन्हीकडे जायचं नाही. उजवा काठ धरून, मेडनहेडच्या रे मीड रस्त्याच्या कडेनं लॉकच्या कालव्यात शिरायचं.

बोल्टर्स लॉकचा उतार सुमारे २.४ मीटर, कुकमच्या जवळपास दुप्पट. लॉकच्या वरच बाहेर पडलात तर खाली उतरायची गरजच नाही आणि पहिल्या फेरीला तेच करा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रविवार दुपारी इथे होड्यांची एवढी दाटी व्हायची की एडवर्ड जॉन ग्रेगरीनं त्याचं चित्र काढलं. अजूनही रविवारी लोक कठड्याला टेकून येणाऱ्याजाणाऱ्या बोटी बघत उभे असतात. तुमचं बाहेर पडणंही बघतील. बसूनच कडेला दोन्ही हात टेकवा, आधी बूड धक्क्यावर आणि मग पाय. उभं राहिलात की गेलात. शेजारच्या रे मिल आयलंडवर नगरपालिकेची बाग आहे, कॅफे आहे, शौचालय आहे. तिथे कयाक पसरून हवा काढायला जागा मिळते.

मेडनहेड स्टेशन इथून पायी अर्ध्या तासावर. ओझं जड वाटत असेल तर टॅक्सी करा. वेळ असेल तर पुलापर्यंत नदीच्या कडेनंच जा. मेडनहेडचा दगडी पूल १७७७ चा आणि त्याच्या खालच्या अंगाला ब्रुनेलचा विटांचा रेल्वेपूल, दोन सपाट कमानी, प्रत्येकी १२८ फूट. संध्याकाळी आपण ज्या गाडीत बसतो ती लंडनकडे जाताना याच कमानींवरून जाते.

घरी आल्यावरचं काम त्याच रात्री करायचं. कयाक पुन्हा अर्धी फुगवा, नळाच्या पाण्यानं आतबाहेर धुवा, वनस्पतीचे तुकडे चिकटले असतील तर उचलून कचऱ्यात टाका. पेनीवर्टसारख्या परक्या पाणवनस्पती एका नदीतून दुसरीत याच वाटेनं जातात. मग उभी करून, उलटी करून, शिवणींतलं पाणी निथळू द्या. इंग्लंडच्या हवेत पूर्ण सुकायला दोन दिवस लागू शकतात. तळाची नळी बाहेर काढता येत असेल तर काढा, पाणी तिच्याखालीच साचतं. ओली गुंडाळली तर आठवड्यात काळे डाग आणि वास. ठिगळ लावायची वेळ आली तर पीव्हीसी गोंद किमान बारा, शक्यतो चोवीस तास वजनाखाली दाबून ठेवा आणि तोवर हवा भरू नका.